अंगणातला बोअर अन् जावयाचा प्रोग्राम

दोन हजार सालानंतर एक-दोन वर्षांनी आमचे जावई जालन्याहून कॉम्प्युटर घेऊन गावात आले. पाणी तपासायचा प्रोग्राम आहे, लोकांनी लिहून फुकट सोडलाय, कुणीबी घ्यावा, कुणीबी दुरुस्त करावा, असं त्यांनी सांगितलं. फुकट सोडलेली ढोरं-कुत्री गावात कशी फिरतात ते मी रोज बघत होतो. तरी बसवा म्हणलो. बायको किडनीच्या दुखण्यानं जाऊन वर्षबी झालं नव्हतं. आमच्या अंगणातल्या बोअरच्या पाण्यानं ती गेली का, एवढंच मला पाहिजे होतं.

ग्रामपंचायतीत दोन दिवस तो प्रोग्राम बसंना. एक तुकडा टाकला की दुसरा मागायचा. मधेच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

"जावईबापू, फुकटची म्हैस लई खाऊन राह्यली," मी म्हणलो.

तिसऱ्या दिवशी बसला. त्याच्यासंगं आलेले नमुन्याचे आकडे घालून पाहिले, उत्तरं बराबर आली. मंग गावाला सांगितलं, आपापल्या बोअरचं पाणी बाटलीत आणा. जावयांनी औषधाचे थेंब टाकून मोजलं, आकडे भरले. सगळ्या गावाचं पाणी चांगलं निघालं. जावई खूश.

मला पटंना. मी एका बाटलीतला घोट घेतला, दुसरीतला घेतला. दोन्हीत वेशीजवळच्या गोड्या विहिरीचं पाणी. जालन्याच्या पाहुण्यापुढं घरचं मचूळ पाणी ठेवायची लाज वाटली म्हणून साऱ्यांनी विहीर गाठलेली. वर फडक्यातून गाळूनबी आणलेलं.

"पाहुण्याला खारट कसं द्यायचं, दादा?" शेजारी म्हणला.

"त्याला प्यायचं न्हाई, येड्या. मोजायचंय."

जावयांचं तोंड उतरलं. "प्रोग्राम चुकला नाही, मामा."

"तो कसा चुकंल? त्याला हे गाव कुठं ठाऊक."

मंग मी आमच्या बोअरचं आणलं, न गाळता. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"क्षार फार आहेत, मामा. फ्लोराईड पण. पिऊ नये हे."

"ती त्यानंच गेली का?"

"ते यात निघत नाही, मामा. पाणी कसं आहे तेवढंच निघतं."

ती म्हणायची, या पाण्यात डाळ शिजत न्हाई, मी विहिरीवर जाते. मी जाऊ दिलं न्हाई. दारात बोअर असून बायको हंडा घेऊन गावातून फिरली तर माझी काय इज्जत राहिली असती? गावाला मी येडं म्हणलो. त्यांनी पाहुण्याला तरी गोडं पाणी आणलं.