अर्ध्या खोलीचं भाडं

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. तो जन्मापासून तसा नव्हता. एकविसाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि सहाव्या महिन्यात कळलं, की नवऱ्याला आधीची एक बायको आहे आणि दोन मुलंही आहेत. ते स्थळ माझ्या वडिलांनी पसंत केलं होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बैलाचे दात बघून ते वय सांगायचे आणि जावयाच्या बाबतीत असे सपशेल फसले. मी माहेरी परत आले, नगरला नर्सिंग शिकले, तिथल्याच एका इस्पितळात नोकरीला लागले. पण त्यानंतर आम्हा बापलेकींचा जगावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

नोकरी लागली तरी सुटका नव्हती. सावेडीकडे तेव्हा नुकती कुठे घरं होऊ लागली होती. तिथे मी खोली बघायला गेले, की घरमालकीण भाडं सांगायच्या आधी विचारायची, "मिस्टर कुठे असतात?" वॉर्डातल्या पेशंट बायकासुद्धा माझ्या गळ्याकडे बघून मग सुईसाठी हात पुढे करायच्या. मला कुठेतरी असं जायचं होतं, जिथे हा प्रश्न कोणाला सुचणारच नाही. दुसरं काहीही नको होतं.

माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण होती. खर्ड्याची. होस्टेलमध्ये आमच्या खाटा शेजारी होत्या. ती वर्षभर आधी इंग्लंडला गेली होती आणि तिथल्या एका गावातल्या इस्पितळात काम करत होती. दुष्काळाच्या साली, उन्हाळ्यात, तिचं जाडजूड पत्र आलं. त्यांच्या मेट्रनला आणखी एक मुलगी हवी होती. तिकिटाचे पैसे इस्पितळ भरणार आणि पगारातून हळूहळू कापून घेणार. "मी दोन खाटांची खोली घेते," तिने लिहिलं होतं, "भाडं अर्धं अर्धं भरू. दोन महिन्यांच्या आत कळव."

पुढची चार पानं नुसती खर्चाची होती. भाडं तिथे महिन्याला नाही, आठवड्याला द्यायचं. खोलीत गॅसचा मीटर असतो, त्यात नाणं टाकलं तर ऊब, नाही तर कुडकुडत बसा. पहिला पगार कोट आणि बूट यांतच जातो. भेंडी म्हणजे चैन, तूरडाळीसाठी बसने दुसऱ्या गावाला जावं लागतं. ड्यूटीवरून आल्यावर बोलायला कोणी नसतं, हेही तिने खर्चाच्याच यादीत लिहिलं होतं.

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी मला एकच वाटलं, की ही एवढं का सांगते आहे? आणि अर्ध्या भाड्याची एवढी घाई कशासाठी? सुट्टीत घोडेगावला गेले तेव्हा दादांना वाचून दाखवलं. बाजार ओस पडला होता. येणारी जनावरं हाडांचे सापळे होती, आणि दादा दिवसभर ओट्यावर बसून असायचे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बाजारात एखादा आपनहून सांगाया लागला, की बैल उजव्या पायानं जरा लंगडतोय," ते म्हणाले, "की मी गप डाव्या पायाकडं बघतो."

"मग काय करू?"

"तू काय बी करू नको. मी तिचं घर बघून येतो. दावन बघितल्याबिगर बैल घ्यायचा न्हाई. मागल्या टायमाला म्या तेवडंच केलं न्हवतं."

हे ते मान खाली घालून म्हणाले. मला त्यांची दया आली आणि बरंही वाटलं, कारण माझ्या मनातलं काम ते करणार होते.

ते एस.टी.ने नगरला आले आणि तिथून जामखेडमार्गे खर्ड्याला गेले. दलालीतला एक नियम त्यांच्या अंगात मुरलेला होता. आपण कोणासाठी माल बघतोय, हे कधी सांगायचं नाही. गिऱ्हाइकाचं नाव फुटलं की भाव चढतो. त्यामुळे तिथेही त्यांनी माझं नाव काढलं नाही, मुलींची ओळख सांगितली नाही. बैल विकायचा आहे का, अशी चौकशी करत ते मैत्रिणीच्या दारात गेले, पाणी मागितलं आणि बसले. मग हळूच विषय काढला, की तुमची पोरगी लांब हाय म्हणं, काय धाडती का न्हाई?

परत आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. छपराला जुनंच गवत. घरात एक शेळी, तीही आटलेली. आई म्हणाली होती, "कशाचं पैसं अन् कशाचं काय दादा. वरीस झालं, पोरीचं पत्र बी न्हाई."

"पोरीला तितं कायबी मिळत न्हाई," दादांनी निकाल दिला. "भाड्याला जोडीदार पायजे तिला. तुला वडती हाय."

मला भयंकर राग आला. पण खरं सांगते, त्या रागात समाधान होतं. मी आधीच ओळखलं होतं ना! त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं. "तुझी आई खडी फोडते आणि तू मला कोटाच्या किमती लिहितेस. तुझं अर्धं भाडं भरायला दुसरी कोणी तरी शोध." एवढंच. खाली सहीसुद्धा केली नाही. तिचं उत्तर आलं नाही, आणि मी ते चोरी पकडली गेल्याची खूण समजले.

दोन वर्षांनी ती सुट्टीवर आली आणि मला भेटायला थेट इस्पितळात आली. अंगाने भरली होती, बोलणं मात्र तेच. आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. मी ताठ होते. तिने इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "तेव्हा आमच्या घरी आलेला पागोटेवाला माणूस तुझे वडील होते का?"

मी हो म्हणाले.

"आईला वाटलं, मुकादमाने कोणाला तरी पाठवलंय. घरात बाहेरचा पैसा येतो हे कळलं असतं, तर हजेरीपटावरून तिचं नाव गेलं असतं. आणि उसने मागणाऱ्यांची रांग लागली असती ती वेगळीच. मी दर महिन्याला पैसे पाठवत होते गं. ती सगळे कणगीत, ज्वारीखाली ठेवायची. त्यातूनच आता भाऊ पुण्याला शिकतोय." मग म्हणाली, "नुसतं नाव सांगितलं असतं तुझ्या वडिलांनी, तर तिने पुरणपोळी करून घातली असती."

रोडका बैल धष्टपुष्ट करून दाखवणारे शेकडो लोक दादांनी पाहिले होते. धष्टपुष्ट असून रोडका दाखवणारी बाई त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटली होती. मी मान वर करू शकत नव्हते.

"आणि ती खोली?" मी विचारलं.

"घेतली होती ना. तुझ्या पत्राआधीच घेतली होती. मग वाटलं, रागात लिहिलंय, येईल. सात महिने दुसरी खाट तशीच ठेवली. नंतर सोडली, परवडेना."

म्हणजे सात महिने ती माझ्या खाटेचं भाडं भरत होती. इथे मी तिचे हात धरायला हवे होते. माफी मागायला हवी होती. पण माझ्या मनात पहिलं काय आलं, तर ही आता हे का सांगते आहे? आणि लाज सोडून मी ते बोलूनही गेले.

"आता कशासाठी सांगतेस हे? काय हवंय तुला?"

 तिचा हात पर्समध्ये होता, तो तिने रिकामाच बाहेर काढला. "काही नाही. बरी आहेस ना, ते बघायला आले होते," म्हणाली आणि चहा संपवून गेली.

महिन्याभराने आमच्या वॉर्डातली एक ज्युनिअर नर्स एक छापील फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. इंग्लंडच्या इस्पितळाचा होता. इंग्रजी तिला नीट कळत नव्हतं, भरून द्याल का म्हणाली. सुट्टीवर आलेल्या एका सिस्टरने दिलाय, असंही तिने सांगितलं. नावाच्या रकान्यात आधी पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलं होतं. मी फॉर्म उजेडाकडे धरला. माझं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

मी त्यावर त्या मुलीचं नाव शाईने लिहिलं आणि सही कुठे करायची ते तिला दाखवलं.