समुद्रापासून घराचं अंतर

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर नाकातनं येईल! माझ्याइतका येडा ओव्हरसियर बेळगावात दुसरा झाला नसंल.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आता त्सुनामी म्हणतात, तवा ते नाव कुणाला ठाऊक होतं? पण समुद्र खवळला तर किनाऱ्यावरची कुठली घरं पडतील, याची यादी करायला ऑफिसानं मला कारवारकडं धाडलं. मला! बेळगुंदीच्या माणसाला! जन्मात समुद्र बघितला नव्हता.

आणि कधी? बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सांबऱ्याला गेलेली. मी कारवारकडं पोचतोय तोवर सासऱ्यांची तार: मुलगी झाली, बारशाला या. मग काय! कधी एकदा यादी उरकतो आणि लेकीचं तोंड बघतो, असं झालं.

उजाडताच टेप घेऊन सुटलो. भिंत मातीची की जांभ्याची, जोतं किती उंच, पाण्यापासून अंतर किती. पहिलं घर तीनशे फूट. धोका नाही! दुपारपर्यंत वीस घरं झाली. जेवून आलो, सही करायच्या आधी पहिलं घर पुन्हा मोजलं, तर दीडशे!

अवो, सकाळपासनं समुद्र दीडशे फूट पुढं? म्हणजे संध्याकाळपर्यंत गाव बुडालं की! पळत जाऊन साहेबांना तार केली आणि दारोदार ओरडत सुटलो, "घरं सोडा! समुद्र चढलाय!" एका म्हातारीचं चुलीवरचं भाताचं भांडंसुद्धा मीच अंगणात आणून ठेवलं.

"ठेव तो भात चुलीवर!" म्हातारी खेकसली. "भरती आहे ती. दिवसातून दोनदा येते, दोनदा जाते."

दुसऱ्या दिवशी साहेब जीप घेऊन हजर. "भरती ठाऊक नाही तुला?"

"साहेब, आमच्या बेळगुंदीच्या तळ्याला नसती ती."

"मग आता प्रत्येक घर दोनदा मोज. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. त्याशिवाय रजा नाही."

बुडालं बारसं! बारशाच्या दिवशी मी वाळूत टेप धरून उभा होतो. आत्ता पाळण्यात घातली असंल, आत्ता आत्यानं कानात नाव सांगितलं असंल. काय ठेवलं असंल? नाक कुणावर गेलं असंल? लई जीव तुटला हो.

पंधरा दिवसांनी सांबऱ्याला पोचलो. बायकोनं लेक मांडीवर दिली. तिच्या इवल्या बोटांकडं बघत मी सगळी हकिकत सांगितली. वाटलं, हसंल.

बायको म्हणाली, "एवढा मोठा समुद्र, दिवसातनं दोनदा लोकांच्या दारात येत हुता. तुमास्नी एकदा यायला जमलं न्हाय व्हय?"