हेड गॅस्केट आणि दक्षिणद्वार

ज्याला दत्तमहाराज बोलावतात त्याची वाट अडवणारा अजून जन्माला यायचा आहे. हे वाक्य माझं नव्हे, आमच्या अक्कांचं. त्या दिवशी सकाळी गाडीत बसताना त्यांनी ते म्हटलं, आणि जयसिंगपूर ओलांडून आम्ही शिरोळच्या रस्त्याला लागलो तोच आमची वाट अडली. अडवणारा बाहेरचा कोणी नव्हता. आमचीच गाडी होती.

अक्का म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. बिद्रीकडच्या एका गावात शाळा शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर डोळ्यांत काचबिंदू निघाला, तेव्हा ही त्यांना कोल्हापूरला आमच्याकडे घेऊन आली. नजर कडेकडेनं आत येत मिटत जाईल, थोपवता येईल तेवढी थोपवू, असं डॉक्टर म्हणाले होते. अक्कांना विचारलं की त्या म्हणायच्या, ‘दिसतंय की.’ त्यांनी आमच्याकडे मागितलं ते एकच. नजर आहे तोवर एकदा वाडीचं दक्षिणद्वार बघायचं.

कृष्णेला पूर आला की नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. त्या दारात, त्या वाहत्या पाण्यात स्नान करायचं. पाणी कमी असलं तर हा योग येत नाही आणि जास्त चढलं तर दारच बुडतं. मधला जो थोडा वेळ मिळतो तेवढाच. त्याआधीच्या काही पावसाळ्यांत एकदा पाणी रात्रीत चढून गेलं, एकदा रस्ते बंद झाले, एकदा अक्काच तापानं पडल्या. त्या वर्षी वाडीच्या आमच्या एका नातेवाइकाचा सकाळी फोन आला, पाणी पादुकांपाशी आलंय, दुपारपर्यंत दक्षिणद्वार होईल, येणार असाल तर आत्ता निघा.

माझ्याविषयी एवढंच सांगतो की माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. देवाशी माझं भांडण नाही. त्याच्या भोवतीचे मांडव, ध्वनिक्षेपक आणि फलक यांच्याशी आहे. नवी गाडी घेतल्यावर लोक तिच्या चाकाखाली लिंबू चिरडतात ते मी कधी चिरडलं नाही. अक्कांनी आरशाला बांधलेली मिरची-लिंबं मी न बोलता काढायचो आणि त्याही न बोलता पुन्हा बांधायच्या. गाडी घेतली तेव्हाही जुनीच होती. तिच्यासोबत आलेलं माहितीपुस्तक मी साद्यंत वाचलं होतं, आणि ते वाचलेला कोल्हापूर जिल्ह्यातला मी एकटाच असेन असं मला वाटतं.

तर शिरोळच्या रस्त्यावर तापमानाचा काटा लाल रेघेपर्यंत गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मी गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना ऊस, वर गच्च आभाळ. मी बॉनेट उघडलं, वाफ जिरू दिली, आणि पुस्तकात सांगितलेल्या क्रमानं तपासणी सुरू केली. कुठं पाणी गळत नव्हतं. पंखा फिरत होता. मग तेलाचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत दाट साय जमली होती, टपरीवरच्या दुधाळ चहाच्या रंगाची.

इंजिनाचे वरचे आणि खालचे असे दोन भाग जिथं जुळतात, तिथं एक पातळ पत्र्याची चकती असते. तिला हेड गॅस्केट म्हणतात. आग, पाणी आणि तेल ही तिन्ही तिच्या आसपास एकमेकांना खेटून नांदतात आणि तिच्यामुळेच एकमेकांत मिसळत नाहीत. ती फाटली की इंजिन तापतं आणि पाणी तेलात जाऊन तेल असं पांढरट होतं. दोन्ही लक्षणं माझ्यापुढं होती. मी हिला म्हणालो, हेड गॅस्केट गेली, आता ही गाडी एक पाऊलही पुढं न्यायची नाही. अक्का मागच्या सीटवर बसून होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘पाणी थांबेल का हो दाजी तोवर?’ कृष्णेचं पाणी माझ्या गॅस्केटसाठी थांबणार नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

वाहनं जात होती. हात केला तरी भरलेल्या गाड्या थांबत नव्हत्या. मग एक छोटा टेम्पो थोडा पुढं जाऊन थांबला आणि मागं आला. चालवणारा पन्नाशीतला, दाढी मेंदीनं रंगवलेली. ‘काय झालंय पावणं?’ म्हणत तो उतरला. मी त्याला हेड गॅस्केटविषयी सांगितलं, माझ्या सवयीनं जरा जास्तच. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला गाडीतलं काय कळत न्हाय म्हणाला. नाव दस्तगीर. इचलकरंजीत त्याचे स्वतःचे थोडे माग होते. पंचे आणि उपरणी विणून तो वाडीच्या दुकानांत द्यायचा. दक्षिणद्वार होणार म्हटल्यावर दुकानदारांनी सकाळीच फोन करून माल मागवला होता. एरवी तो कुरुंदवाडवरून जायचा, पण तिकडचा रस्ता पाण्याखाली गेला म्हणून फिरून या बाजूनं आला होता.

बोलता बोलता तो वाकून गाडीच्या पुढच्या जाळीत बघायला लागला. मग सरळ होऊन माझ्याकडे बघत म्हणाला, ‘गाडीचं तुमचं तुम्ही बघा. पर आत ज्यो अडकलाय त्यो माल माझा हाय.’

जाळीच्या आत, रेडिएटरला चिकटून, एक उपरणं पसरलं होतं. त्यानं चिमटीत धरून ते ओढून काढलं. काठावर एक रेघ मधेच तुटली होती. ‘ही तार सुटलीया बघा. कापडाचा सगळा तागाच तसा गेलता. दुकानदारानं पोटभर शिव्या दिल्या, पर घेतला.’ आपल्या चुकीची ओळख पटल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

उपरणं अक्कांचं होतं, वाडीहून प्रसाद म्हणून आलेलं. रेडिएटरला समोरून वारा लागला नाही तर इंजिन तापतं, हे त्या पुस्तकात होतं. रेडिएटरला कोणी उपरणं पांघरलं तर काय, हे नव्हतं. सकाळी मी तेल-पाणी बघायला बॉनेट उघडलं होतं. तेलाचं झाकण काढलं आणि तेवढ्यात वाडीचा तो फोन आला म्हणून घरात गेलो. मी परत येऊन घाईत सगळं बंद करेपर्यंत अक्कांना मुहूर्त सापडला. त्यांनी इंजिनाची पूजा केली. उपरणं आतल्या बाजूनं बांधलं, कारण, त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बाहेर बांधलं असतं तर तुम्ही काढलं असतं.’

‘आणि तीर्थ?’ हिनं विचारलं. बहिणीला ती ओळखते.

तीर्थही झालं होतं. दुधाचा अभिषेक करून उरलेलं तीर्थ, पळीपळीनं, गाडी जिथून पाणी पिते तिथं. तिथं म्हणजे कुठं, असं मी विचारलं. अक्का म्हणाल्या, ‘चाचपलं. जे तोंड उघडं लागलं तिथं घातलं.’

तेल दुधाळ का झालं ते मला कळलं. गॅस्केट शाबूत होती. गाडीला झालेले दोन्ही आजार भक्तीचे होते. मला हसू यायला हवं होतं. पण ही बहिणीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी रेडिएटरमध्ये पाणी घालताना अक्कांनी अंगणात बसून मला शंभरदा पाहिलेलं होतं. तेलाचं तोंड कुठलं आणि पाण्याचं कुठलं हे त्यांना पाठ होतं. आणि आज भर उजेडात त्यांनी ते बोटांनी शोधलं होतं.

तेलात पाणी असताना इंजिन चालू करणं शहाणपणाचं नव्हतं. दस्तगीरभाई म्हणाले, गाडी ऱ्हाऊ द्या हितंच, ऊस काय ती खाणार न्हाय. या दोघी पुढं त्यांच्याशेजारी बसल्या आणि मी मागं उपरण्यांच्या गठ्ठ्यांवर. आयुष्यात इतक्या मऊ आसनावरून मी कुठल्याही तीर्थाला गेलो नव्हतो.

वाडीच्या अलीकडे पोलिसांनी रस्त्यावर आडवे अडथळे लावले होते. बाहेरच्या सगळ्या मोटारी परत फिरवत होते, आत गर्दी मावत नव्हती आणि पाणी चढत होतं. माणसं हात जोडत होती, कोणाकोणाची नावं सांगत होती, काही उपयोग होत नव्हता. दुकानांचा माल आणणाऱ्या गाड्या तेवढ्या सोडत होते. शिपायानं टेम्पोत डोकावून विचारलं, मागं काय? ‘पंचे, उपरणी आन् एक दाजी,’ दस्तगीरभाई म्हणाले. अडथळा बाजूला झाला. परत फिरणाऱ्या मोटारींच्या रांगेकडे मी बराच वेळ बघत होतो. त्यांतल्या सगळ्यांची इंजिनं उत्तम चालत होती.

देवळाच्या वाटेवर पुढाऱ्यांनी पुराचं स्वागत करणारे फलक लावले होते. त्यांतला एक पाण्यात अर्धा बुडाला होता आणि नेमके पुढारीच बुडाले होते, महाराज वर होते. इतपत विनोद मला सुचत होता. मग आम्ही पाण्यात उतरलो आणि सुचणं थांबलं.

ते कसं सांगावं मला कळत नाही. पाणी मातकट होतं आणि इतकं थंड की पायांना आपण आहोत याची आठवण व्हावी. आमचा गर्दीचा देश, पण त्या दारापाशी कोणी ढकलत नव्हतं. माणसं एकमेकांना धरून उभी होती, अनोळखी माणसं. कोणी मोठ्यानं काही म्हणत नव्हतं. महाबळेश्वराकडून निघालेली एवढी थोरली नदी, वाटेत कुणासाठी न थांबलेली, एका दारातून आत आली होती आणि दुसऱ्यातून बाहेर जात होती, आणि मधे तिनं पादुकांवर डोकं टेकवलं होतं. मी हे पुस्तकात वाचलं असतं तर समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. पाणी माझ्या कमरेला ओढत होतं आणि माझ्याकडे पेन्सिल नव्हती.

एका बाजूनं ही, दुसऱ्या बाजूनं मी, असे आम्ही अक्कांना धरून होतो. दस्तगीरभाई पायरीवर तेच तुटक्या काठाचं उपरणं घेऊन उभे होते. त्यांनी गठ्ठ्यातलं नवं देऊ केलं होतं, अक्कांनी घेतलं नाही. अक्कांनी तीनदा डोकं बुडवलं. मग तोंड वर करून तशाच उभ्या राहिल्या. मी कानाशी जाऊन विचारलं, ‘अक्का, दिसलं का?’

‘नाही हो दाजी. मला वर्षभर पुढ्यातलं ताटही दिसत नाही.’

‘मग बघायचंय, बघायचंय म्हणत होता ते?’

‘नुसतं अंगाला पाणी लागू दे म्हटलं असतं,’ त्या म्हणाल्या, ‘तर तुम्ही बादलीत आणून दिलं असतंत.’

ते खरं होतं. मी तेच केलं असतं, आणि वर ते समजूतदारपणाचं लक्षण मानलं असतं.

परतीच्या वाटेवर गठ्ठे उतरले होते आणि मी टेम्पोच्या पत्र्यावर बसलो होतो. लोक ज्याला श्रद्धा म्हणतात तसा काही प्रकार मला झाला की काय, हे मी तेव्हा तपासलं नाही, आजही तपासत नाही. एवढं मात्र जाणवलं की मी सारा जन्म काय बिघडलं ते शोधण्यात घालवला आणि त्या दिवशी बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीनं आम्हाला पुढं ढकललं. रस्ता बुडाला म्हणून टेम्पो तिकडून आला. गाडी थांबली म्हणून तो थांबला. तार सुटली म्हणून दस्तगीरभाईंना आपला माल ओळखता आला. अक्कांनी वर्षभर जे आमच्यापासून लपवलं, ते उघडं पडलं म्हणून आता ही त्यांचा हात धरून चालते, आणि त्या धरू देतात. स्वाधीन होणं म्हणजे काही मोठी गोष्ट असेल असं मला वाटायचं. अक्कांकडे बघून वाटतं, ते चाचपत जाण्यासारखं असावं. जे दार उघडं लागेल तिथं हातातलं ओतायचं. चुकीचं असलं तरी.

आरशाला आता मिरची-लिंबं असतात. मी काढत नाही. तुटक्या काठाचं उपरणं देवघरात आहे. दस्तगीरभाईंचा दर पुराला फोन येतो.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली आणि तेल बदललं. इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का तेही पाहिलं. एकही आला नाही. हेड गॅस्केट ठणठणीत होती. ती गेली ती दिवाळीनंतर, आम्ही भाजी आणायला निघालो होतो तेव्हा.