सहाव्या कुपीचा आकडा

माझी थोरली बहीण प्रयोगशाळेत आहे म्हटलं की लोकांना वाटतं, बाई काहीतरी मोठा शोध लावणार. ताईचं काम एवढंच, की अंगाला लावलेलं औषध कातडीतून आत किती जातं ते मोजायचं. ऑपरेशनमध्ये काढलेली, रुग्णांनी संमतीने दिलेली कातडी फ्रीजरमध्ये असायची. तिचा एकेक तुकडा काचेच्या कुपीच्या दोन भागांमध्ये घट्ट बसवायचा. वर मलम, खाली मिठाचं कोमट पाणी. मग दिवसभर खालचं पाणी काढून तपासत बसायचं. बहुतेक मलमं वरच बसून राहतात, हे तिचं ठाम मत. त्यामुळे तिच्यादेखत तोंडाला काही चोपडायची आम्हा बायकांची छातीच होत नसे.

मग भाऊजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं आणि अंगाला खाज सुटली. ही डास चावल्याची खाज नव्हे. चांगला गप्पिष्ट माणूस, बोलता बोलता रडायला लागायचा. डॉक्टरांनी हात टेकले. ताईने त्यांची नखं मुळापासून कापली, तर ते दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. "मेहुणीबाई," मला म्हणाले, "तुमच्या ताईने हत्यारं जप्त केली." मी हसले आणि मोरीत जाऊन रडले.

अशात खाजेवरचं एक नवं मलम प्रयोगशाळेत मोजायला आलं. ताईचा जीव टांगणीला लागला. तिने सहा कुप्या लावल्या. पाचांत काही म्हणजे काही उतरलं नाही. सहावीत औषध भरभरून उतरलं.

त्या कामातल्या कुणालाही कळेल, की एकच कुपी अशी वागली तर तिच्या कातडीला भोक असणार. म्हणून तर तुकडा लावण्याआधी त्यातून वीज जाते का ते मीटरवर तपासतात. नव्या मुलींनी ते टाळलं की ताई त्यांची खरडपट्टी काढायची. त्या दिवशी तिने स्वतःच तपासलं नाही. घाईत राहिलं म्हणाली. घाई कसली, तिला भोक सापडायला नको होतं.

उरलेलं मलम डबीत घालून तिने घरी आणलं. "हे आत जातं. मी स्वतः मोजलंय," ती म्हणाली. तिच्या तोंडून असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. भाऊजींनी सदरा काढून पाठ पुढे केली.

मी पहिल्यापासून खवचट. सहाही कुप्यांचे आकडे तिने मला फोनवर सांगितले होते. तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "आणि बाकीच्या पाचांचं काय?"

"तू गप्प बस," ताई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी तिने सहावा तुकडा मीटरला लावला. संध्याकाळी मला घेऊनच घरी गेली, एकटीने सांगायचं बळ तिच्यात नव्हतं. भाऊजी पलंगावर बसले होते. अंगभर मलम, आणि त्यावरून ओरखडे.

"माझं चुकलं हो," ती म्हणाली. "केस निघालेल्या जागी बारीक भोक होतं. धड कातडीतून हे औषध जात नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे भोकातून जातं?"

"जातं. पण त्याचा काय उपयोग?"

"नाही, सहज विचारलं."

पुढच्या आठवड्यात मी डबा घेऊन गेले, तर घरात चक्क शांतता. ताई नुकतीच कामावरून आली होती. भाऊजी बादलीत पाय सोडून बसले होते. हातात टाच घासायचा दगड. डाव्या पोटरीची साल गुडघ्यापर्यंत निघालेली, बादलीतलं पाणी लाल.

"ओरडू नकोस," ते ताईला म्हणाले. "काल वीतभर जागा सोलून बघितली. मलम लावल्यावर आग झाली, पण तेवढ्या जागची खाज थांबली. खरंच थांबली गं. मी तासभर झोपलो."

ताईच्या हातातून पिशवी गळून पडली. तिने आधी दगड काढून घेतला. मग टॉवेलने पाय टिपला. मला वाटलं, आता ती दवाखान्यात फोन करेल. मी तोंडाने तेच म्हणत होते. तिने फोन घेतला, खाली ठेवला. कितीतरी महिन्यांनी तो माणूस जागच्या जागी स्वस्थ बसला होता, हे तिला दिसत होतं आणि मलाही.

"लाव ना," भाऊजी म्हणाले.

ताईने डबी उघडली.