लागली की सांगतो

"याला एकच वाक्य दिलंय, सर," असं म्हणून आप्पा टीव्हीच्या काचेवर बोटाचं पेर दोनदा वाजवायचे. जणू पलीकडचा माणूस झोपलाय, उठेल आणि दुसरं काहीतरी बोलेल. जन्मभर लोकांनी आप्पांच्या काचेवर असंच वाजवलं होतं.

आप्पा आमच्या बीडच्या गल्लीतले, माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारे. सगळी नोकरी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत झाली. तुम्हीही तशी खिडकी पाहिली असेल: काचेला अर्धगोल भोक, आत गरगरणारा पंखा, आणि पंख्याखाली भलतीकडं बघत बसलेला माणूस. "परळी कधी?" "लागली की सांगतो." "मांजरसुंब्याला थांबते का?" "लागली की सांगतो." कॉलेजात असताना मी एकदा पिण्याचं पाणी कुठंय म्हणून विचारलं होतं. त्यालाही हेच उत्तर मिळालं.

ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांनी काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्या. मुलगा बंगळुरूला. वर्षश्राद्धाला आला तेव्हा स्वतःचं व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र टीव्हीला जोडून गेला. "आप्पा, वेळ जाईल तुमचा." दर रविवारी त्याचा फोन यायचा. "जेवलात का?" "हो." "गोळ्या घेतल्या का?" "हो." "बरं, ठेवतो." एवढंच. आप्पा बराच वेळ हातातल्या फोनकडं बघत बसायचे.

"कावून असं झालं असंल, सर?" एकदा मला म्हणाले. "पोरगं माझं, आन् त्यालाबी एकच वाक्य. का मलाच एक दिलंय?"

मी शाळेत इंग्रजी शिकवतो, निदान वेळापत्रकात तसं लिहिलंय, आणि आप्पांनी मला बोलावलं होतं ते तेवढ्यासाठीच. खेळ सगळा इंग्रजीत होता. एक राज्य, डोंगरापलीकडून येणारी काळी फौज, आणि चिलखत घातलेला एक वीर. तो वीर म्हणजे आपण. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं. आपण काय बोलावं याची तीन-चार वाक्यं खाली उमटतात, त्यातलं एक निवडायचं, आणि गोष्ट तिकडं वळते. वाचून मराठीत सांगायचं काम माझं, बटण दाबायचं आप्पांचं.

पहिल्या दिवशी मी दाराजवळच्या वेताच्या खुर्चीकडं वळलो, तर आप्पा घाईनं म्हणाले, "तितं नका बसू. पाय मोडलाय तिचा. हितं दिवाणावर या."

खेळातल्या गावात एक खानावळ होती. तिची मालकीण वीराला बघून बोलली. मी खाकरून भाषांतर केलं, "स्वागत असो, हे पथिका! क्षणभर विसावा घ्यावा!"

आप्पांनी माझ्याकडं वळून बघितलं. "सर, ही खानावळवाली हाय का कीर्तनकार? मांजरसुंब्याच्या ढाब्यावर असं कोन बोलतंय?"

"या, बसा. काय घेता?" मी म्हणालो.

"हां. आता बाई बोलली."

आमच्या घरात यावर वेगळंच मत होतं. "घरी 'हं'च्या पुढं शब्द न्हाई," बायको म्हणायची, "आन् तिकडं राक्षसासंगं तासभर गप्पा!" मी म्हणायचो, "हं."

आप्पांना काळ्या फौजेचं काही पडलेलं नव्हतं. राज्य बुडायला आलेलं, आणि आमचा वीर पाठीला तलवार लावून पाववाल्याची, धोबिणीची, लोहाराची खुशाली विचारत फिरायचा. वेशीवर एक शिपाई होता. त्याला काहीही विचारा, "अंधार पडायच्या आत घरी जा," म्हणायचा. भर उन्हातसुद्धा.

"एकच वाक्य दिलंय बे याला! लिहिनाऱ्यानं कट्टाळा केला, दुसरं काय!" आप्पांनी काचेवर ठकठक केलं. मग हात तसाच राहिला. "पन सर... आमी बी तेच की."

"तुमचं वेगळं होतं, आप्पा."

"काय येगळं? एकदा एक पावना इचारत होता, 'सायेब, तुमचं गाव कोनतं?' मी तलवाड्याचा. ते म्हनायला तोंड उघडलं, तर 'लागली की सांगतो'च निगालं. त्यो हासला आन् गेला. इतक्या वर्सात मला माजं इचारनारा त्योच एक."

आम्ही दोघं हसलो. आप्पांचं हसणं आधी थांबलं.

एक भानगड मात्र आम्हाला आठवडाभर कळलीच नाही. रोज संध्याकाळी खेळ लावला की खानावळवाली पहिल्यासारखीच "या, बसा" म्हणायची. "काल एवढं बोललो, आन् आज वळखच न्हाई?" आप्पा दुखावल्यासारखे व्हायचे. शेवटी उलगडा झाला. बोलणं संपवायला खालचं शेवटचं वाक्य निवडावं लागतं, तेव्हाच झालेलं जपून ठेवलं जातं. मी ते "जातो" असं वाचत होतो. आणि आप्पा ते दाबायचेच नाहीत. मी उठून चपला घातल्या की गुपचूप भिंतीवरचं बटण बंद करायचे, म्हणजे झालेलं सगळं पुसलं जायचं.

"'जातो' म्हनत्यात का कुनी?" त्यांनी उलट मलाच विचारलं. "तुमी इंग्रजीचे असाल सर, पन घर मराठीच हाय न्हवं? तिच्या दारातनं निगताना 'जातो' कसं म्हनू?"

मी मुकाट्यानं भाषांतर दुरुस्त केलं. तेव्हापासून आप्पा स्वतःच "येतो हां, बाई," म्हणायचे आणि मगच बटण दाबायचे. बाईची ओळख टिकायला लागली.

ओळख वाढली तशी तिची वाक्यंही वाढली. डाळ महागल्याचं बोलली, छत गळतंय म्हणाली. एके दिवशी वीर चुलीजवळच्या खुर्चीकडं गेला, तर ती पटकन म्हणाली, आणि मी वाचलं, "तिथं नका बसू. पाय मोडलाय तिचा."

माझा आवाज वाक्याच्या शेवटाला बारीक झाला. आप्पांनी वीराला खुर्चीभोवती एक फेरी मारायला लावली. चारही पाय धड होते.

"पाय मोडलेला न्हाई," ते हळूच म्हणाले. "कुनीतरी बसत हुतं तितं." आणि मग, "हे लिहिनाऱ्याच्या घरातनं कुनीतरी गेलेलं हाय, सर."

मी दाराजवळच्या खुर्चीकडं बघायचं टाळलं.

रविवारी फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. आप्पांना कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकर लावलेला. "जेवलात का?" मुलानं विचारलं.

आप्पा "हो" म्हणाले नाहीत. "ती खानावळवाली त्या खुर्चीवर कुनाला बसू देत न्हाई रे," ते म्हणाले.

मला वाटलं रेंज गेली.

"आप्पा, तुम्ही तिथपर्यंत गेलात?"

"मंग? रोज जातो. तुला भेटली का न्हाई ती?"

"भेटली होती. ते वाक्य आलं, आणि मी खेळ बंद केला. परत लावलाच नाही. आप्पा, एक विचारू? वर्षश्राद्धाला मलाही बसू दिलं नाहीत. आपल्या खुर्चीचा पाय कधी मोडला?"

आप्पांनी दाराकडं बघितलं. खुर्ची होती तशी होती.

"न्हाई मोडला," ते म्हणाले.

मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आतून काकींचं नाव येत होतं, मग त्यांनी केलेलं खारट वरण, मग कुणाचं तरी हसणं, मग नुसतंच नाक ओढणं. त्या दिवशी "ठेवतो" कुणीच म्हणालं नाही. आप्पांच्या फोनची बॅटरी संपली.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना न्यायला आला. परळीपर्यंत बस, पुढं रेल्वे. निघायच्या आधी आप्पांनी वेताची खुर्ची उचलून माझ्या ओट्यावर ठेवली. "बसा हिच्यावर. पाय चांगलाय."

बसस्थानकात ते न राहवून चौकशी खिडकीपाशी गेले. आत एक तरुण बाई होती. काचेवर ठकठक झाली तशी मान वर न करता म्हणाली, "परळी अजून लागली नाही."

"ते माहीत हाय," आप्पा म्हणाले. "जेवलीस का, माय?"

तिनं वर बघितलं. "न्हाई ओ काका. तुमी?"

गाडी सुटताना मी खिडकीखालून विचारलं, "आप्पा, परत कधी?"

"लागली की सांगतो!" सगळी गाडी ऐकेल असं ते हसून म्हणाले.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. आप्पा सकाळी झोपेतच गेले होते. आदल्या संध्याकाळी दोघं मिळून खेळत होते म्हणाला. काळ्या फौजेला अजून हातही लावला नव्हता. मी वेताच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. मी नुसतं "हं" म्हणत राहिलो. बायको माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

बोलणं संपलं. आता तो "ठेवतो" म्हणेल म्हणून मी थांबलो.

"येतो, काका," तो म्हणाला.