आठच्या दोन की सोळाची एक

लेकीचा फोन यायचा तो आईला. लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली त्याला कितीतरी वर्षं झाली होती. मायलेकी एकदा सुरू झाल्या की शेजारणीच्या सुनेपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं जग पालथं घालायच्या. तिचे बाबा, म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारे चष्मेवाले, तोंडापुढे पेपर धरून कान तिकडे लावून बसायचे. शेवटी फोन त्यांच्या हातात यायचा.

"बाबा, बरा आहेस ना?"

"बरा आहे. तू?"

"बरी आहे."

झालं! दुकानात गिऱ्हाइकाला बोलून बोलून दमवणारा हा माणूस. पण पोटच्या पोरीशी बोलायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी. तिची आठवण मात्र उठता बसता यायची.

अपवाद एकच, कॉम्प्युटर. ती कॉलेजात असताना बापलेकीनं तो घरीच जोडला होता. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिनं वायरी लावल्या, आणि यांनी चष्म्याच्या दांड्या आवळायच्या बारीक पेचकसानं स्क्रू आवळले. बटण दाबलं तर ढिम्म. दोघांनी सगळं उकललं, परत जोडलं, तरी ढिम्म. मग आईच म्हणाली, "अहो, भिंतीवरचं बटण कोण लावणार, मी?" त्या दिवशी दोघं अशी हसली होती की बस्स. तसं हसू त्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही.

आता तो कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. एक फोटो उघडायला सांगावा आणि चहा पिऊन यावं. लेक म्हणाली, "टाकू नकोस बाबा, मेमरी वाढव. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घे. आपल्या बोर्डाला जुन्या जातीचीच लागते हं, नवीची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही."

एवढ्यावर काम व्हायला हवं होतं. पण चष्मेवाल्यांना धागा सापडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन फोन केला. "आठच्या दोन की सोळाची एक?"

"दोन, बाबा. दोघी जोडीनं काम करतात. आणि आपला बोर्ड सोळाची एक ओळखतच नाही."

मग एकीचा वेग कमी असला तर? "तर दुसरीही तिच्याच चालीनं चालते. म्हणून एकसारख्या घे." वर पत्रा असलेली घ्यावी की उघडी? आत रंगीत दिवे लागणारी मिळते म्हणे? "दिवे कशाला बाबा? पेटीच्या आत कोण बघायला बसलंय?" ती खळखळून हसली आणि चष्मेवाले दुकानात एकटेच लाल झाले.

हा खेळ त्यांना नवा नव्हता. एकटी राहणारी माणसं डोळे तपासायला यायची. "हे भिंग बरं की ते?" असं विचारलं की मुद्दाम म्हणायची, "परत एकदा दाखवा बरं." दिसायचं पहिल्याच भिंगाला. चष्मेवाले ओळखायचे, न बोलता भिंग बदलत राहायचे. आता तेच त्या खुर्चीत बसले होते.

पण लेक कामाची माणूस. ती वैतागली नाही, तिनं सरळ पट्ट्या मागवून घरी पाठवून दिल्या. चष्मेवाल्यांनी त्या बसवल्या आणि कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळायला लागला. बायको म्हणाली, "चला, सुटलात एकदाचे." पुढच्या रविवारी फोन आला, जग पालथं घालून झालं, आणि मग: "बाबा, कॉम्प्युटर कसा आहे?" "मस्त." "बरं, ठेवते."

सोमवारी दुकानाला दांडी मारून त्यांनी पेटी उघडली, एक पट्टी काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि फोन लावला. "अगं, हा आठच दाखवतोय."

"आठच? थांब, बाहेर येऊन बोलते." मग काय विचारता! पट्टी काढ, खोडरबरानं तिचे पिवळे दात पूस, दुसऱ्या खाचेत घाल, क्लिपचा टक आवाज आला का? चष्मेवाले रिकाम्या हातानं सगळं करत होते, "हो, आला," म्हणत होते. इतकं सुख त्यांना कित्येक दिवसांत लाभलं नव्हतं.

"नाही जमत तर जाऊ दे बाबा," ती शेवटी म्हणाली. "उद्या कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस पाठवते. तो बघेल, तुला त्रास नको."

"माणूस नको."

"अरे, पण का?"

"पट्टी माझ्या खिशात आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"काढलीस कशाला?"

"बसवली की तू फोन ठेवतेस," चष्मेवाले म्हणाले. "मला तुझ्या आईसारखं बोलता येत नाही गं. पण तुझी फार आठवण येते."

पलीकडे तिनं नाक ओढलं.

"बाबा, आज दुपारी काय जेवलास?"

चष्मेवाल्यांना चटकन आठवेना. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आठवून आठवून सांगायला लागले.