नवी गाडी आधी देवाला जाते

त्या इलेक्ट्रिक गाडीची आमच्या घरात जेवढी वाट पाहिली गेली, तेवढी माझ्या लग्नात वऱ्हाडाचीही कुणी पाहिली नसेल. आणि गंमत म्हणजे गाडी आम्हाला घ्यायचीच नव्हती. ती दुसऱ्यांनी घ्यावी, तिच्यात बसून पुण्याहून निघावं आणि इंदापूरच्या अलीकडे, आमच्या खानावळीच्या दारात तिची बॅटरी उतरावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

खानावळ सोलापूर रस्त्याला आहे, लोणी देवकर सोडलं की थोडं पुढे. लग्न होऊन मी बावड्याहून इथं आले तेव्हा सासऱ्यांची, म्हणजे आबांची, नुसती चहाची टपरी होती. मी शेजारी चूल मांडली. आधी पिठलं-भाकरी, मग उजनीचे मासे, मग मटण. ट्रकवाले थांबायला लागले, एकमेकांना सांगायला लागले. माझ्या आयुष्यात माझं स्वतःचं म्हणावं असं एवढंच एक आहे आणि मला त्याचा गर्व आहे. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं पत्र्याचं आहे, पण अजून उभं आहे.

पुढे रस्ता मोठा झाला, काचेची हॉटेलं आली आणि मोटारीतली माणसं आमच्या शेडकडे बघेनाशी झाली. तेव्हा मी चार्जिंगचं मशीन बसवायचं ठरवलं. विचार साधा होता. डिझेलवाला टाकी भरतो आणि पाच मिनिटांत पसार होतो. विजेच्या गाडीवाल्याला तासभर बसावं लागतं, आणि तासभर बसलेला माणूस भाकरीचा वास घेत उपाशी राहत नाही. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नेहमीसारखी मान हलवली. ती होकाराची आहे असं मी धरलं.

मशीन बसलं आणि तसंच उभं राहिलं. महिन्याकाठी एखादी छोटी गाडी चुकूनमाकून यायची. एरवी त्याच्यावर कावळे बसायचे. गावातली पोरं येता-जाता विचारायची, “काकू, मोबाईल लावू का चार्जिंगला?” दसऱ्याला मी त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, तर एक ट्रकवाला म्हणाला, “ताई, जागृत देवस्थान दिसतंय. गर्दी मात्र न्हाय.” मी त्याला त्या दिवशी दुसऱ्यांदा रस्सा वाढला नाही.

धाकट्या दिरांना, म्हणजे भावजींना, हे मशीन पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. ते लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला आहेत, आणि रस्त्याकडची जागा दोघा भावांची. एक मोठा हॉटेलवाला ती सगळी जागा भाड्याने मागत होता. शेड पाडून तिथं काचेचं हॉटेल बांधणार होता. भावजींचं म्हणणं, देऊन टाकू, कशाला चुलीपुढे जीव जाळायचा? त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग यायचा.

शेवटी एका संध्याकाळी आबांनी सगळ्यांना बसवलं. त्या मोठ्या इलेक्ट्रिक गाडीचा तेव्हा सगळीकडे गवगवा होता. सात माणसांची, उंच, आपल्या रस्त्यांना चालेल अशी. आबांनी तोंडातलं पान बाजूला सारलं आणि निकाल दिला, “ती गाडी येऊ दे बाजारात. हितं थांबली तर खानावळ राहील. न्हाय थांबली तर धाकट्याचं ऐकायचं.”

“चालंल,” मी म्हणाले.

“इचार करून बोला वहिनी,” भावजी म्हणाले.

“केलाय इचार.”

खरं सांगायचं तर केला नव्हता. पण आमच्या घरात आधी बोलून मग विचार केलेला पुरतो.

आता अडचण अशी की भावजी गाड्यांचे वेडे. त्यांना खानावळ बंद करायची होती, पण ती गाडी यावी म्हणून माझ्याइतकेच तेही झुरत होते. गाडी बाजारात येण्याचा कार्यक्रम मोबाईलवर होता, तो बघायला ते पाळी बदलून आले. गल्ल्यावर मोबाईल टेकवून ठेवला. जेवणारे ताटं घेऊन भोवती उभे. धूर निघाला, दिवे फिरले, काळ्या बनियनसारखे सदरे घातलेली माणसं आली आणि मधोमध ती गाडी. देखणी होती, नाही म्हणणार नाही. मग ती एका चार्जमध्ये किती पळते हे पडद्यावर आलं. पुण्याहून सोलापूरला जाऊन परत येईल आणि वर थोडी उरेल, एवढी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनी तर शिट्टी घातली. माझे हात पिठात होते, तसेच राहिले. एवढी पळणार असेल तर ती माझ्याकडे कशाला थांबेल? सगळ्या महाराष्ट्रात गाडी कमी पळावी असं वाटणारी त्या क्षणी मी एकटीच असेन.

मग परीक्षणं यायला लागली. कंपनीने काही जणांना गाडी आधी चालवायला दिली होती, ते चालवून मोबाईलवर मत सांगायचे. भावजी एकही सोडत नसत आणि मला दाखवल्याशिवाय राहत नसत. एकाने डिकीत सुटकेस ठेवून दाखवली. एकाने काचेचं छत दाखवलं. आणि पुण्याचा एक चष्मेवाला थेट आमच्याच रस्त्याने सोलापूरला गेला. गाडी चालवता चालवता हसून म्हणाला, “बघा, इंदापूर आलं, आणि थांबायची गरजच पडली नाही!” त्याच वेळी त्याच्या खिडकीतून माझ्या खानावळीची पाटी सर्रकन मागे गेली. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली.

“मेल्याला भूकबी लागत न्हाय व्हय?” मी म्हणाले.

भावजी हसले नाहीत. उलट जरा हळूच म्हणाले, “वहिनी, ह्या गाडीला हितं थांबायची गरज न्हाय. तुमचं वाईट व्हावं असं मला वाटत न्हाय, पर हे असं हाय.”

त्यांनी चिडवलं असतं तर बरं झालं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी त्यांचा मोबाईल मागून घेतला आणि तो चष्मेवाला पुन्हा बघितला. पुन्हा पुन्हा बघितला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो गाडीत एकटाच आहे. मागची सगळी आसनं रिकामी. डिकीत एक पिशवी. एसी मंद. मागून कुणी ओव्हरटेक केलं तरी हा आपला संथ. अशी गाडी आमच्याकडे कोण चालवतं?

मला इतकं हसू आलं की मालक जागे झाले. सकाळी भावजी चहाला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, “भावजी, नवी गाडी घेतली की पयली कुठं नेत्यात?”

“देवाला.”

“पुण्याकडची माणसं कुठल्या देवाला नेत्यात?”

“बऱ्याच जणांची कुलस्वामिनी तुळजापूरची. तितंच जात्यात.”

“आन तुळजापूर कुठल्या रस्त्यानं?”

भावजींनी बाहेर आमच्याच सोलापूर रस्त्याकडे बघितलं.

“गाडीत कोण कोण बसतं? तुमी मोटारसायकल घेतली तवा शिंगणापूरला तिघं बसून गेला व्हता. सात जणांच्या गाडीत किती बसतील? आई, मावशी, चुलता, पोरं मांडीवर, वटीचं सामान, नारळाचं पोतं. एवढी महागाची गाडी, मग एसी फुल. आन कुणी फुडं गेलं की पाय खाली. कंपनी खोटं बोलत न्हाय, भावजी. फकस्त कंपनीच्या गाडीत भावकी बसल्याली नव्हती.”

“बघू,” ते म्हणाले. पण चहा त्यांनी बशीत तसाच गार केला.

गाड्या लोकांच्या हातात यायला लागल्या तेव्हा मी कामाला लागले. देवीचे वार मंगळवार आणि शुक्रवार, म्हणून त्या दोन दिवशी मटण-मासे बंद केले. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, उपास न धरणाऱ्यांना पिठलं-भाकरी. मालक म्हणाले, अजून गाडी नाही आणि उपासाचं कशाला? मी म्हटलं, पाहुणे आल्यावर दळण करायचं नसतं.

पहिल्या मंगळवारी कुणी आलं नाही. शुक्रवारीही नाही. खिचडी आम्हीच खाल्ली आणि आबांनी पोट धरलं. हॉटेलवाला येऊन टेपने जागा मोजून गेला. त्या दिवशी मात्र मी मोरीत जाऊन रडले. तोंड धुतलं आणि भाकरी थापायला बसले. गाडी येणार याची मला खात्री होती. ती हॉटेलवाल्याच्या आधी येणार का, एवढंच कळत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी ती आली, तुळजापूरचं दर्शन करून परतताना. आवाज न करता आली, म्हणून आधी कळलंच नाही. झेंडूच्या माळा, पुढे लिंबू-मिरची, आसनांवरचं प्लास्टिक तसंच. दारं उघडली आणि माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. शेवटी एका म्हाताऱ्या आजींना दोघींनी धरून काढलं. चालवणाऱ्या माणसाचा चेहरा उतरला होता. “ताई, तुमचं मशीन चालू हाय ना?”

“आवं, तुमच्यासाठीच ठेवलंय,” मी म्हणाले, आणि त्या मशीनची गन, म्हणजे गाडीत खुपसायची मूठ, मी स्वतः त्याच्या हातात दिली. मशीनवरचा दिवा लागला.

आजी बाकावर बसता बसता म्हणाल्या, “मी म्हनलं व्हतं, डिझेल घ्या.”

भावजींची दुपारची पाळी होती. ते निघता निघता थांबले. खरी गाडी ते पहिल्यांदाच बघत होते. बॉनेटवरून त्यांनी असा हात फिरवला की त्यांच्या बायकोने बघायला नको होतं. मग त्या माणसाला विचारलं, “कशी पळती?”

“एकटा असलो की लई झ्याक. भावकी बसली की बसती.”

भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र त्यांच्याकडेच बघत होते. खिचडी संपली, पिठलं संपलं, आजींनी शेंगदाण्याची आमटी दोनदा मागितली. आणि तेवढ्यात दुसरी गाडी आली. तीच, रंग वेगळा, माळा तशाच, माणसं त्याहून जास्त. तिचा मालक ओरडतच उतरला, त्याची बॅटरी अगदी तळाला गेली होती. पहिल्याची अर्धीच भरली होती. पहिला म्हणे मी आधी आलो, दुसरा म्हणे मी ढकलत जाऊ का? दोन्हीकडच्या बायका मध्ये पडल्या. भावजींनी पिशवी खाली ठेवली, दोघांच्या मध्ये उभे राहिले, दुसऱ्या गाडीतल्यांना हात धरून पंगतीला बसवलं, पहिल्याला सांगितलं की एवढ्या चार्जिंगवर पुण्याला पोहोचशील, आता गन सोड. त्यांची पाळी कधीच सुरू झाली होती.

मग ते तणतणत चुलीपाशी आले. आबा तिथंच बसले होते.

“वहिनी, एकच मशीन बसिवलं व्हय तुमी? फुडचा इचार करायचा का न्हाय माणसानं? दोन गाड्या आल्या तर ही भांडणं, येत्या शुक्रवारी चार आल्या मंजी? आपली एवढी जागा हितं मोकळी पडल्याली, ती काय हॉटेलवाल्याच्या बापाची हाय का? एक मशीन म्हनं!”

आबा खाली बघून हसत होते. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि मुकाट्याने ऐकून घेतलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी कुणाचं एवढं मुकाट्याने ऐकून घेतल्याचं कुणालाच आठवत नाही.